कालबाह्य, तरीही विश्वासार्ह : कार्यालयीन तंत्रज्ञानाचे अर्थकारण

१४ जुलै २०१३ रोजी देशातील तार कार्यालयांनी अखेरचे संदेश स्वीकारले आणि १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या प्रायोगिक मार्गाने सुरू झालेले एक पर्व समाप्त झाले. त्यावेळी देशात कोट्यवधी नागरिकांच्या हाती भ्रमणध्वनी होते, ई-मेल रुळले होते. तरीही तार एवढी वर्षे तग धरून राहिली, यामागे केवळ जुन्याविषयीचे प्रेम नव्हते. घरातील आजारपणामुळे रजा मागणाऱ्या सैनिकाला किंवा प्रतिपक्षाला सूचना दिल्याचे न्यायालयात सिद्ध करू इच्छिणाऱ्या पक्षकाराला वेगवान संदेश नको होता. त्यांना संदेश पाठविल्याची सरकारी नोंद हवी होती. भ्रमणध्वनीने तारेचा वेग केव्हाच मागे टाकला होता, परंतु तिच्या पुराव्याची जागा घेण्यास अधिक काळ लागला.

तारेचे हे उदाहरण अपवादात्मक नाही. बँकेच्या शाखेत आजही पासबुक छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स मुद्रकाचा खरखर आवाज ऐकू येतो. मालवाहतूक व्यावसायिकांच्या कार्यालयात कार्बन प्रतींच्या बिल्ट्या फाडल्या जातात. प्रगत राष्ट्रांतील रुग्णालये फॅक्स यंत्रांवर विसंबून राहिली आणि मोठ्या बँकांचे हिशेब सहा दशकांपूर्वीच्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या सांभाळत राहिल्या. संगणकीकरणाच्या एवढ्या प्रसारानंतरही असे का घडते? जुने तंत्रज्ञान टिकून राहणे हे प्रत्येक वेळी मागासलेपणाचे लक्षण मानावे काय? प्रशासन, बँकिंग, आरोग्य आणि न्यायदान या सर्वच क्षेत्रांतील सुधारणांशी या प्रश्नांचा निकटचा संबंध असल्याने त्यांचा साकल्याने विचार करणे आवश्यक ठरते.

कालबाह्यतेचे तीन स्तर

‘कालबाह्य’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कार्यालयीन तंत्रज्ञानाच्या संदर्भात त्याचे तीन स्तर वेगळे करावे लागतात. पहिला स्तर यंत्रांचा. टंकलेखन यंत्र, डॉट मॅट्रिक्स मुद्रक, फॅक्स, फ्लॉपी चकती ही त्याची उदाहरणे होत. दुसरा स्तर आज्ञावल्यांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, परंतु रोजचे व्यवहार पार पाडणाऱ्या संगणकीय प्रणालींचा. तिसरा स्तर कार्यपद्धतींचा. तीन प्रतींत बीजक काढणे, रबरी शिक्का उमटविणे, प्रमाणित प्रत मागणे, लघुलेखनात मजकूर उतरवून घेणे या पद्धती त्यात येतात.

हे तीनही स्तर परस्परांत गुंतलेले असतात. यंत्र बदलणे सर्वांत सोपे असते, आज्ञावली बदलणे अवघड आणि कार्यपद्धती बदलणे सर्वांत कठीण. त्यामुळे पुष्कळदा असे दिसते की, यंत्र जुने राहिले आहे ते स्वतःच्या बळावर नव्हे, तर त्याच्यामागे उभ्या असलेल्या नियमामुळे, सवयीमुळे किंवा दुसऱ्या पक्षाच्या अपेक्षेमुळे. टंकलेखन यंत्राचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. वैयक्तिक संगणक सर्वत्र पोहोचल्यानंतरही अनेक वर्षे ते बनत राहिले आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. न्यायालयांचे आवार, अर्ज लिहून देणारे टंकलेखक आणि विजेचा भरवसा नसलेली कार्यालये यांनी ती मागणी जिवंत ठेवली होती.

डॉट मॅट्रिक्स मुद्रक : एक बोलके उदाहरण

जुन्या यंत्राच्या टिकाऊपणाची कारणे नेमकी समजून घ्यायची असतील, तर डॉट मॅट्रिक्स मुद्रकाइतके सोयीचे उदाहरण नाही. या मुद्रकाच्या शीर्षात साधारणपणे ९ किंवा २४ बारीक सुया असतात. त्या शाईच्या रिबनवर आघात करतात आणि ठिपक्यांच्या रूपाने अक्षर कागदावर उमटते. गती, सुबकता आणि शांतता या तीनही बाबतींत लेझर मुद्रक त्याच्यापेक्षा सरस आहे. परंतु लेझर मुद्रक शाईची भुकटी एकाच कागदाच्या पृष्ठभागावर बसवितो. खालच्या प्रतीपर्यंत काहीही पोहोचत नाही. सुईचा आघात मात्र कार्बनमधून दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीवरही उमटतो. एकाच क्षणी, एकाच ठोक्याने तयार झालेल्या या तीन प्रतींत फरक असण्याची शक्यता जवळजवळ नसते. व्यापारी व्यवहारात या गोष्टीचे मोल मोठे आहे.

दुसरे कारण कागदाच्या स्वरूपाचे. पासबुक ही मध्ये शिवलेली, दुमडलेली, अनेक पानांची वस्तू आहे. लेझर मुद्रकातील वळणावळणाच्या मार्गातून आणि तप्त रुळांमधून ती जाऊ शकत नाही. सपाट मार्गाचा, आघाताने छापणारा मुद्रक मात्र पासबुकाच्या नेमक्या ओळीवर नोंद उमटवितो. तिसरे कारण टिकाऊपणाचे. उष्णतेने छापणाऱ्या कागदावरील मजकूर ऊन, उष्मा व काळ यांमुळे पुसट होत जातो, हे एटीएमची जुनी पावती पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रिबनची शाई त्या मानाने दीर्घकाळ टिकते. रिबन संपत आली म्हणजे अक्षरे फिकट होऊ लागतात, परंतु काम एकाएकी थांबत नाही. बिघाडाची अशी आगाऊ सूचना देणारे यंत्र धूळ, उकाडा व अनियमित वीजपुरवठा असलेल्या ठिकाणी अधिक भरवशाचे वाटते.

याच्या मुळाशी असलेला माणूसही लक्षात घेतला पाहिजे. ज्या वृद्धेचे निवृत्तिवेतन थेट खात्यात जमा होते आणि जिला भ्रमणध्वनीवरील संदेश वाचता येत नाही, तिच्यासाठी पासबुकातील छापील ओळ हाच आपल्या पैशाचा पुरावा असतो. ती ओळ ती शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेऊ शकते, ग्रामपंचायतीत दाखवू शकते, तक्रारीला जोडू शकते. पासबुकाचा मुद्रक बंद पडला की तिचा बँकेवरील विश्वासही डळमळतो. तंत्रज्ञानाची उपयुक्तता ठरविताना त्याचा वापर करणाऱ्या संस्थेबरोबर त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नागरिकाचाही विचार करावा लागतो, तो यासाठी.

कायदा आणि पुरावा

जुन्या तंत्रज्ञानाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे कायदा. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ४८ नुसार वस्तूंच्या पुरवठ्याचे बीजक तीन प्रतींत तयार करावे लागते. मूळ प्रत खरेदीदारासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी आणि तिसरी पुरवठादारासाठी. नियम असा असल्यावर आघाताने छापणारा मुद्रक व्यापाऱ्याला सोयीचा वाटणे स्वाभाविक होते. परंतु याच नियमात पुढे बदल झाला आणि जे बीजक ई-बीजक पद्धतीने तयार होते, त्याला तीन प्रतींची अट लागू राहिली नाही. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांपासून सुरू झालेली ही पद्धत टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना लागू झाली. मोठ्या व्यावसायिकाच्या कार्यालयातील कार्बन प्रतीची कायदेशीर गरज संपली, ती नवा मुद्रक बाजारात आल्यामुळे नव्हे, तर नियम बदलल्यामुळे.

टपालाचे उदाहरणही असेच आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पाठविलेला दस्तऐवज, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, यथाकाल पोहोचला असे गृहीत धरले जाते. बँका, विमा कंपन्या, वकील आणि शासकीय कार्यालये दशकानुदशके नोंदणीकृत टपाल वापरत राहिली, त्याचे मोठे कारण हे गृहीतक होय. ई-मेल क्षणात पोहोचतो. परंतु तो मिळालाच नाही असे समोरच्याने म्हटले, तर सिद्धतेचा भार कोणावर, हा प्रश्न उरतो. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली, तेव्हाही खरा प्रश्न नोंदीचा व पोहोच मिळाल्याच्या पुराव्याचाच होता.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख व अंकीय स्वाक्षरी यांना मान्यता दिली. तरी त्याच्या पहिल्या अनुसूचीने काही दस्तऐवज या मान्यतेबाहेर ठेवले. २०२२ मध्ये ही यादी काही प्रमाणात कमी करण्यात आली, परंतु मृत्युपत्र आणि न्यासपत्र यांसारखे दस्तऐवज तीत कायम राहिले. मृत्युपत्र करणारी व्यक्ती साक्ष देण्यास हयात नसते, हे लक्षात घेतले म्हणजे कागद, शाई व साक्षीदार यांवरील हा भर समजू शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे स्थान अधिक बळकट केले आहे. तथापि अशा अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राची अट त्यातही आहे. पुराव्याची साखळी अखंड असावी, हा त्यामागील हेतू आहे.

समोरचा पक्ष काय वापरतो?

दळणवळणाच्या साधनांबाबत आणखी एक कारण संभवते. अशा साधनाचे मूल्य ते वापरणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. अर्थशास्त्रात याला जाळ्याचा परिणाम म्हणतात. एकट्या संस्थेने फॅक्स टाकून देण्यात अर्थ नसतो, कारण समोरची शंभर कार्यालये तो वापरत असतात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या बदलाची वाट पाहतो आणि परिणामी कोणीच बदलत नाही.

ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजने केलेल्या पाहणीत इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत सुमारे ९,००० फॅक्स यंत्रे वापरात असल्याचे आढळले. त्यानंतर शासनाने जानेवारी २०१९ पासून नव्या यंत्रांच्या खरेदीवर बंदी घातली आणि ३१ मार्च २०२० पर्यंत त्यांचा वापर संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. अमेरिकेत २००९ च्या हायटेक कायद्यान्वये रुग्णालयांना संगणकीय वैद्यकीय नोंदींसाठी अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन मिळाले आणि बहुतेक रुग्णालयांत अशा प्रणाली आल्या. परंतु एका कंपनीची प्रणाली दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीशी सहज बोलू शकत नव्हती. परिणामी एका रुग्णालयातील संगणकावरील अहवाल कागदावर छापून, फॅक्सने पाठवून, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा संगणकात चढविला जात राहिला. येथे दोष फॅक्सचा नव्हता. दोन आधुनिक प्रणालींमधील पोकळी फॅक्स भरून काढत होता. समान मानके ठरविल्याशिवाय केलेले संगणकीकरण जुन्या साधनांना नवे आयुष्य कसे देते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

जपानचा अनुभवही अभ्यासण्यासारखा आहे. २०२१ मध्ये शासकीय कार्यालयांतील फॅक्स बंद करण्याचा प्रस्ताव तेथे पुढे आला, तेव्हा कार्यालयांकडूनच शेकडो हरकती आल्या आणि तो मागे पडला. फ्लॉपी चकतीबाबत मात्र वेगळी वाट निवडण्यात आली. सोनी कंपनीने २०११ मध्येच फ्लॉपीची विक्री थांबविली होती. तरी अर्जासोबत फ्लॉपी सादर करावी, असे म्हणणारे नियम पुस्तकांत कायम होते. तत्कालीन डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी २०२२ मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि जून २०२४ पर्यंत असे हजाराहून अधिक नियम बदलण्यात आले. या मोहिमेत यंत्रे जप्त करावी लागली नाहीत. नियम गेले आणि त्यांच्यासोबत यंत्रांचे प्रयोजनही गेले.

मार्ग-अवलंबित्वाचा सिद्धांत

पूर्वी घेतलेला निर्णय पुढील निर्णयांना बांधून ठेवतो, या प्रक्रियेला अर्थशास्त्रज्ञ मार्ग-अवलंबित्व म्हणतात. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये इंग्रजी कळफलकाच्या उदाहरणाद्वारे ती मांडली आणि ब्रायन आर्थर यांनी १९८९ मध्ये वाढत्या प्रत्यायाच्या संकल्पनेतून तिला सैद्धांतिक बैठक दिली. शोल्स यांच्या यंत्रासाठी आखलेली आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेली अक्षररचना यांत्रिक टंकलेखन संपल्यावरही संगणकावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कायम राहिली; कारण यंत्र बदलले तरी बोटांना लागलेले वळण बदलले नाही. अर्थात, ही रचना खरोखरच निकृष्ट आहे काय, याविषयी लीबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० मध्ये शंका उपस्थित केली. टिकून राहिलेली प्रत्येक गोष्ट चुकीने टिकलेली असते असे मानू नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

देवनागरीच्या बाबतीत हे अधिक स्पष्टपणे दिसते. भारतीय लिप्यांच्या वर्णक्रमाशी सुसंगत असा इनस्क्रिप्ट कळफलक १९८० च्या दशकात प्रमाणित झाला. डाव्या बाजूस स्वर व उजव्या बाजूस व्यंजने अशी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. तरीही जुन्या टंकलेखन यंत्रावरील रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक शासकीय टंकलेखन परीक्षांमध्ये पर्याय म्हणून टिकून राहिला. टंकलेखन वर्गांतून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांचे कौशल्य एका आदेशाने निरुपयोगी ठरविता येत नाही. लघुलेखनाचेही तसेच. कर्मचारी निवड आयोगाच्या लघुलेखक परीक्षेत ‘क’ श्रेणीसाठी मिनिटाला १०० शब्द आणि ‘ड’ श्रेणीसाठी ८० शब्द या गतीने दहा मिनिटांचे श्रुतलेखन घेतले जाते. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठापुढील सुनावणीचे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रतिलेखन सुरू केले. संक्रमणाच्या काळात दोन पद्धती अशा शेजारी नांदताना दिसतात.

बदलाची जोखीम

बँका, विमा आणि आरक्षण या क्षेत्रांत मुख्य प्रणाली बदलणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे असते. कोबोल ही संगणकीय भाषा १९५९ मध्ये व्यापारी हिशेबांसाठी आकारास आली. तिच्यात लिहिलेल्या आज्ञावल्यांमध्ये दशकांच्या अनुभवातून आलेले व्याजाचे, करांचे आणि अपवादांचे असंख्य नियम साठलेले असतात. पुष्कळदा हे नियम अन्यत्र कोठेही लिहिलेले नसतात. इसवी सन २००० च्या संक्रमणाच्या वेळी जगभरातील अशा आज्ञावल्या तपासण्याचे मोठे काम भारतीय संगणक कंपन्यांकडे आले आणि आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीला त्याने चालना दिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

घाईने केलेल्या बदलाची किंमत किती असू शकते, हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेने अनुभवले. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली. परिणामी सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. अशा प्रसंगाची भीती व्यवस्थापकांच्या निर्णयांवर खोल परिणाम करते. जुनी प्रणाली चालू ठेवल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही. नवी प्रणाली कोसळली तर मात्र जबाबदारी निश्चित होते.

भारतीय रेल्वेने यावर वेगळा तोडगा वापरला. १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९९९ पर्यंत देशातील आरक्षण केंद्रे परस्परांना जोडली गेली. २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट मिळू लागले, पुढे ते भ्रमणध्वनीवर आले. या काळात प्रवाशाला दिसणारा दर्शनी भाग पुनःपुन्हा बदलला; आसनांचा हिशेब ठेवणारा गाभा मात्र सावधपणे सांभाळण्यात आला. एकच आसन दोघांना न देणे, ही त्या गाभ्याची पहिली कसोटी होती. अर्थात या धोरणालाही मर्यादा आहे. २०१० पासूनची आरक्षण प्रणाली इटॅनियम संगणक व ओपनव्हीएमएस या आधारावर उभी होती. इटॅनियम संस्कारकांचा पुरवठा इंटेल कंपनीने २०२१ मध्ये थांबविला. सुटे भाग बनणेच बंद झाले की कितीही भरवशाची प्रणाली बदलणे भाग पडते आणि म्हणूनच रेल्वेने तिच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले.

संकटकाळी उपयोगी पडणारे जुने साधन

जुन्या साधनांची आणखी एक उपयुक्तता आहे, ती संकटाच्या वेळी प्रकट होते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. त्यानंतर कित्येक दिवस बाह्यरुग्ण नोंदणी व तपासण्यांचे अहवाल हाताने लिहून काम चालवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले, तेव्हा भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. रुग्ण तपासले गेले, विमाने उडाली. कारण कागदावर काम करता येणारी माणसे व तशी पद्धत शिल्लक होती.

अमेरिकेच्या अण्वस्त्र दळणवळण यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी चकत्या वापरात असल्याचे तेथील लेखापरीक्षण संस्थेने २०१६ मध्ये निदर्शनास आणले, तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. २०१९ मध्ये त्या बदलण्यात आल्या. परंतु इंटरनेटशी संबंधच नसलेल्या या जुन्या यंत्रणेत दुरून शिरकाव करणे अशक्यप्राय होते, हा तिचा गुणही मान्य करावा लागतो.

जुनेपणाची किंमत

येथवरच्या विवेचनावरून जुने ते सर्व चांगले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जुन्या व्यवस्थेची किंमत असते आणि ती बहुधा दुर्बल घटकांना मोजावी लागते. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा जुन्या प्रणालीला पेलत नव्हता. जाणकारांची पिढी निवृत्त झाली की भरवशाची प्रणालीही दुरुस्तीपलीकडे जाते.

आपल्या देशात याहून गंभीर उदाहरण न्यायव्यवस्थेत घडले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा येथील कारागृहातील काही बंद्यांना जामीन मंजूर केला. परंतु आदेशाची प्रमाणित प्रत हाती पडेपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. प्रमाणित प्रतीचा आग्रह निराधार नव्हता. खोट्या आदेशावर बंदी सुटू नये, यासाठीच ती पद्धत होती. परंतु तिची किंमत माणसाच्या स्वातंत्र्याच्या दिवसांनी मोजली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने या विलंबाची स्वतःहून दखल घेतली आणि ३१ मार्च २०२२ रोजी ‘फास्टर’ ही प्रणाली सुरू झाली. तीद्वारे अंकीय स्वाक्षरी असलेले आदेश सुरक्षित मार्गाने थेट कारागृहापर्यंत व संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत पाठविले जातात. येथे अधिप्रमाणनाची गरज नाकारली गेली नाही. ती कागदाऐवजी दुसऱ्या साधनाने भागविण्यात आली.

बदल कसा करावा?

या उदाहरणांतून सुधारणेचे एक सूत्र हाती येते. जुने साधन हटविण्यापूर्वी ते नेमके कोणते कार्य पार पाडते, हे शोधले पाहिजे. ते कार्य पुराव्याचे आहे की वेगाचे? ते कायद्याने मागितले आहे की केवळ सवयीने चालू आहे? समोरच्या पक्षाकडे नवे साधन आहे काय? वीज वा जाळे बंद पडल्यास काम कसे चालेल? आणि ज्या नागरिकासाठी ही सारी व्यवस्था आहे, त्याला नवे साधन वापरता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय केलेली यंत्रखरेदी बहुधा दुहेरी कामात परिणत होते. संगणकावरही नोंद आणि नोंदवहीतही नोंद, हे दृश्य त्यातूनच निर्माण होते.

धनादेशाचे उदाहरण या सूत्राचे यश दाखविते. धनादेश ही जुनी पद्धत. परंतु ती एकदम बंद न करता तिचा प्रवास बंद करण्यात आला. धनादेश खंडन प्रणाली २००८ मध्ये नवी दिल्ली, २०११ मध्ये चेन्नई आणि २०१३ मध्ये मुंबई येथे सुरू झाली. कागदाऐवजी धनादेशाची प्रतिमा व त्यावरील चुंबकीय शाईतील माहिती पुढे जाऊ लागली. पुढे ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर सतत समाशोधन करण्याचा पहिला टप्पा अमलात आला. धनादेश लिहिणाऱ्याची सवय तशीच राहिली. वाचला तो काळ. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीनेही कागदी नस्तीतील हिरव्या टिप्पणीपत्रकाचे रूप पडद्यावर कायम ठेवले. कोणी, केव्हा, काय मत नोंदविले, याची क्रमवार साखळी हा नस्तीचा आत्मा आहे आणि तो जपला गेल्यामुळे कर्मचाऱ्यांना नवी प्रणाली परकी वाटली नाही.

समारोप

कार्यालयातील जुने यंत्र हे हिमनगाच्या टोकासारखे असते. त्याच्याखाली कायदा, पुरावा, परस्परावलंबन, कौशल्य आणि अपयशाची भीती यांचा मोठा भाग दडलेला असतो. त्याकडे दुर्लक्ष करून केवळ यंत्र बदलले तर सुधारणा वरवरची राहते; आणि तो भाग पवित्र मानून हातच लावला नाही, तर कारागृहाच्या दाराशी प्रमाणित प्रतीची वाट पाहणाऱ्या बंद्यासारखे कोणी तरी त्याची किंमत मोजत राहते. विश्वासार्हता हा जुन्या तंत्रज्ञानाचा खरा वारसा आहे. यंत्र बदलताना हा वारसा नव्या व्यवस्थेत सुखरूप उतरला पाहिजे. उद्याच्या प्रशासकांसमोर नव्याची खरेदी हे आव्हान फार मोठे नाही. ज्या दिवशी पासबुक वाचून घेणारी वृद्धा कोणत्याही नव्या साधनावर तितकाच निर्धास्त विश्वास ठेवू शकेल, त्या दिवशी पासबुकाचा तो मुद्रक खऱ्या अर्थाने कालबाह्य झाला, असे म्हणता येईल.